पाचव्या लेण्यातलं पाणी

संपादक महाशय,

तुमच्या मागच्या अंकात एका विद्वान वाचकांचं पत्र छापून आलंय. त्यांचं म्हणणं असं, की ज्यांना ज्यांना म्हणून असले अमानवीय अनुभव येतात ते एक तर भेदरट असतात, नाहीतर थापाडे. वाचलं आणि पुढ्यातला चहा तसाच राहिला. भेदरट म्हणा हवं तर, माझी हरकत नाही. पण थापाडा? न पाहता, न विचारता, कुठे तरी पंख्याखाली बसून सरसकट सगळ्यांना थापाडे म्हणायचं — हा कुठला न्याय हो? एवढी वर्षं मी गप्प होतो. आता लिहितोच.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. भूत, बाधा, नजर, उतारा यांतलं काही मी मानत नव्हतो आणि आजही मानत नाही. आमच्या आळीत कोणाचं पोर आजारी पडलं की बायका भगताकडे धावायच्या आणि मी ओट्यावर उभा राहून त्यांना दवाखान्याचा रस्ता दाखवायचो. त्यासाठी शिव्यासुद्धा खाल्ल्यात. सत्यनारायणाला मी प्रसादापुरता जातो. तेव्हा हे लिहिणारा माणूस देवभोळा आहे असं कृपा करून समजू नका.

ही गोष्ट दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळातली, लढाई सुरू झाल्यावरच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली. मी शहापूरला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. कुठल्या, ते लिहीत नाही. राज्य बदललं, फलक बदलले, पण खुर्च्यांवरची बरीचशी माणसं तीच आहेत आणि त्यांना मुलंबाळं आहेत.

आमचे साहेब आपल्यातलेच, पण विलायतेला जाऊन आलेले. परदेशात कुठे तरी त्यांनी पाहिलं होतं म्हणे, की डोंगर, झाडी, गुहा असा सबंध मुलूखच सरकार राखून ठेवतं आणि शहरातली माणसं सुट्टीच्या दिवशी डबे घेऊन तो बघायला जातात. त्याला ते 'पार्क' म्हणायचे. मला पार्क म्हटलं की बाकडी आणि कारंजं एवढंच डोळ्यांसमोर यायचं... पण साहेबांपुढे बोलतो कोण! तर शेणव्याच्या पुढे, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांची हद्द ज्या डोंगरावरून जाते, तिथे राखीव जंगलात जुनी लेणी आहेत. मूर्ती नाहीत, नक्षी नाही, नुसत्या कातळात कोरलेल्या खोल्या. साहेबांच्या मनाने घेतलं, की इथेच पार्क करायचा. आधी आपण, बाईसाहेब आणि मुंबईचे दोन पाहुणे असे जाऊन जागा बघून यायची आणि मग वर लिहायचं. त्या भेटीचा प्लॅन करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आता कागदावर प्लॅन करणारे कारकून मी पुष्कळ पाहिलेत. खुर्चीत बसून डोंगर चढतात, पानाची पिचकारी मारून नदी ओलांडतात. मी त्यांतला नव्हतो. भेटीच्या आठ दिवस आधी मी स्वतः जागेवर गेलो. स्वतः, माझ्या या दोन पायांनी. वाट दाखवायला बरोबर बुधा होता.

बुधा म्हणजे शेणव्याच्या गावकुसाबाहेरच्या वाडीतला माणूस. वय माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी जास्त, तरी आम्ही त्याला अरेतुरेच करायचो. तेव्हा ती रीतच होती, आणि ती वाईट होती हे आता कळतंय. जमिनीचा एक तुकडा नाही. लाकडाच्या मोळ्या, मोहाची फुलं, मध, पावसाळ्यानंतर गवतकापणी — जे काय पोटाला मिळायचं ते त्या राखीव जंगलातून, आणि जंगलात पाऊल टाकायची मुभा आमच्या कचेरीच्या मर्जीवर. त्याची बायको ठकी. मूलबाळ नव्हतं. दोघंच दोघांना.

सकाळी उन्हं वर यायच्या आत आम्ही शेणव्याहून निघालो आणि दहाच्या सुमाराला लेण्यांपाशी पोचलो. डोंगराच्या पोटाला एक अरुंद कड आहे, तिच्यावर एका ओळीत चार लेणी. पहिलं लहान, दुसरं ऐसपैस, वीसेक माणसं आरामात बसतील असं. तिसऱ्यात आणि चौथ्यात पाण्याची टाकी कोरलेली, पण दोन्ही कोरडी ठाक. तळाला वटवाघळांची घाण. मी कपाळावर हात मारला. वीस-बावीस माणसं चैत्राच्या उन्हात वर आणायची आणि प्यायला थेंब नाही!

"बुधा, अरे वर कुठेच पाणी नाय?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझंही 'नाही' तिथे 'नाय' होतं.

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "हाय. पन ते तहानेल्या मान्साचं हाय, भाऊसाहेब."

"मग मी कोण आहे? जीव चाललाय माझा!"

तो हसला आणि पुढे झाला. चौथ्या लेण्याच्या पुढे कड एकदम वळते. कोपऱ्यावर करवंदीची मोठी जाळी. तिला वळसा घालून पलीकडे गेलं की पाचवं लेणं. दार बुटकं, चांगलं वाकून आत जावं लागलं. आत गेल्यावर डाव्या हाताला टाकं — काठोकाठ भरलेलं. पाणी इतकं नितळ की तळाचे छिन्नीचे घाव दिसत होते. आम्ही दोघंही गुडघ्यांवर बसून ओंजळीने प्यायलो. दात शिवशिवले हो! चैत्र महिन्यात, बाहेर दगड भाजत असताना. मी तोंड धुतलं, मानेवर पाणी मारलं, टोपी भिजवून पुन्हा डोक्यावर घातली.

आणि मग मी खिशातून कचेरीची कापडी टेप काढली. प्लॅन करायचा तर माप नको का? लांबी घेतली, रुंदी घेतली. खोली घ्यायला टेपच्या टोकाला दगड बांधून आत सोडायला लागलो, तेव्हा बुधाने माझा हात धरला. माझा हात! एका वाडीवाल्याने कारकुनाचा हात धरावा, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

"नका मापू, भाऊसाहेब."

"का रे?"

"खल्यावरची रास तरी पुजल्याबिगर मापत्यात का कुनी? आनि पयल्या मापाला 'एक' म्हनत्यात का? 'लाभ' म्हनत्यात. का म्हनत्यात? ह्ये तर कुनी पेरल्यालं पन नाय. प्यावं नि जावं. आमी हितं कवा भांडं सुदीक आनत नाय."

"बुधा, साहेब येणारेत. त्यांना काय सांगू, भरपूर आहे? भरपूर म्हणजे किती?"

तो उठला. बाहेर जाऊन उन्हात एका दगडावर बसून राहिला. मी टेप सोडली. तीन फूट नऊ इंच. वहीत लिहून घेतलं, गुणाकार केला, एवढ्या पाण्यात बावीस माणसं दोन दिवस सहज राहतील असा हिशोब काढला आणि स्वतःवर खूश होऊन खाली उतरलो.

माझा प्लॅन कचेरीत गाजला. निघण्याची वेळ, मोटार कुठवर, चढ किती, सावली कुठे, जेवण दुसऱ्या लेण्यात, सगळं होतं. सातव्या कलमात मी लिहिलं होतं: 'पिण्याचे पाणी लेणे क्रमांक पाचमध्ये मुबलक आहे. खालून वाहून नेण्याची आवश्यकता नाही.' शेजारी मापं. साहेबांनी लाल पेन्सिलीने 'गुड' असा शेरा मारला. आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते जन्मात कधी कोणाला बरं म्हणाले नव्हते, तेसुद्धा म्हणाले, "भास्करराव, याला म्हणतात काम."

भेटीचा दिवस उजाडला. मोटार शेणव्यापर्यंत आली. तिथून पुढे ओझी उचलायला वाडीतली बारा माणसं मी सांगून ठेवली होती, त्यात बुधा आणि ठकी. ओझी तरी काय! घडीच्या खुर्च्या, घडीचं टेबल, जेवणाच्या टोपल्या, गालिचा आणि एक ग्रामोफोन. डोंगरात ग्रामोफोन! साहेबांसाठी सोड्याच्या बाटल्यांची एक टोपली वेगळी.

ठकी तांब्याचा हंडा भरून डोक्यावर घेऊन उभी होती. म्हणाली, "भाऊसाहेब, ह्यो घेते बरं का."

मी म्हटलं, "ठेव खाली. वर टाकं भरलंय. त्यापेक्षा बाईसाहेबांची खुर्ची घे."

बुधा हळूच म्हणाला, "घेऊं द्या ना तिला. ववझं तिचं तिला. मानसं लय हायत."

मी त्याच्यावर ओरडलो. साहेबांच्या देखत, माझा प्लॅन पास झालेला असताना, हा मला पाणी शिकवतो! ठकीने हंडा एका झाडाखाली उतरवून ठेवला आणि खुर्ची डोक्यावर घेतली.

पाहुणे मंडळी रमतगमत चढली. फोटो काढले, बसली, उठली, सोडा प्यायली. दहाला पोचायचं ते बारा वाजले. वर पोचेतो सोड्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि ओझेकऱ्यांच्या घशाला सकाळपासून काही लागलं नव्हतं. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "चला, आता पाचवं लेणं."

पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. कोपरा. करवंदीची जाळी. जाळीला वळसा.

कातळ.

नुसता काळा, सलग, भाजलेला कातळ. दार नाही, भेग नाही, कोनाडा नाही. मी हात लावला तर चटका बसला. मागे फिरून पहिल्यापासून पुन्हा मोजत आलो. चारच. पुन्हा मोजली. चारच! कड पुढे वीस पावलांवर संपते आणि खाली तुटलेला कडा, म्हणजे आणखी पुढे असायचा प्रश्नच नव्हता. जाळी तीच, कोपरा तोच. बुधा ज्या दगडावर रुसून बसला होता तो दगडही तोच. मी बुधाकडे बघितलं, बुधा माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. माझ्याही उडाला असणार.

"कुठे आहे तुमचं पाच नंबर?" साहेबांनी विचारलं.

"इथेच होतं, साहेब."

"होतं? म्हणजे कोणी उचलून नेलं?"

पाहुणे खो खो हसले. बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, असू दे, उन्हाने होतं असं." ती सहानुभूती मला त्या हसण्यापेक्षा जास्त झोंबली. मी शपथा घ्यायला लागलो. टाक्याची मापं पाठ म्हणून दाखवली. साहेब म्हणाले, "मापं कोणीही लिहील." मग ते सगळे दुसऱ्या लेण्यात सावलीला जाऊन बसले. त्यांच्या टोपल्यांत काकड्या होत्या, संत्री होती. त्यांचं भागलं. ओझेकऱ्यांना कोणी एक फोड दिली नाही. आणि मी? मी माझ्या अब्रूच्या काळजीत. बारा माणसं माझ्या एका ओळीमुळे कोरड्या घशाने वर आली आहेत, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं, जेव्हा ठकी पडली.

ती चौथ्या लेण्याच्या तोंडाशी बसली होती, तशीच बाजूला कलली. डोळे अर्धे मिटलेले, ओठ फुटलेले, अंग तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. बुधाने तिला उचलून कोपऱ्यावरच्या जाळीच्या सावलीत नेऊन निजवलं. पळसाची पानं तोडून वारा घालायला लागला.

मी साहेबांकडे धावलो. सांगितलं, बाई मरेल. साहेब म्हणाले, "मग खाली न्या तिला." कशी न्यायची? दोन तासांची उतरण, बरोबर पाणी नाही, आणि तिला उचलणारेही तहानेने अर्धमेले! त्यांतले चार जण अंगात होता नव्हता तो जोर लावून खाली ओढ्याकडे धावले, वाळूत खड्डा खणून झिरा लागतो का बघायला. बुधाही त्यांच्यात गेला. जाताना मला म्हणाला, "हितंच बसा, भाऊसाहेब. तिला सोडू नगा."

आणि मी सोडलं. खरं तेच सांगतो. मला वाटलं, कडेच्या दुसऱ्या टोकाला कुठे कातळातून पाझर असेल, म्हणून मी तिकडे बघायला गेलो. पंधरा मिनिटं, फार तर वीस. काही मिळालं नाही. परत कोपऱ्यावर आलो...

ठकी उठून बसली होती.

केस निथळत होते. पदर भिजून अंगाला चिकटलेला, चोळी ओली, कपाळावरून ओघळ येत होते. तिच्या पाठीशी तोच कातळ. मला बघून तिने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. ओंजळीत पाणी होतं. ती म्हणाली, "प्या, भाऊसाहेब. तुमी पन सकालपास्नं तसंच हाव."

"कुठनं आणलंस?"

"हितूनच की. तुमीच म्हनलं ना, पाचव्यात हाय म्हनून? वाकून जावं लागलं." आणि तिने दार दाखवायला मान मागे वळवली, तर मागे कातळ.

मी तिच्या ओंजळीतून प्यायलो. जात नाही, पद नाही, साहेब नाही, कशाची शुद्ध राहिली नव्हती. तीच चव. तसेच दात शिवशिवले. मी तिचा पदर हातात धरून पिळला आणि धार लागली, हो, धार! दगडावर हाताएवढा ओला डाग पडला आणि बघता बघता सुकला.

मी बोंब मारून सगळ्यांना बोलावलं. साहेब आले, पाहुणे आले, बाईसाहेब आल्या. ओली बाई समोर बसलेली. केसांतून पाणी टपटप गळतंय. त्या डोंगरावर कोसभर टिपूस नाही हे तासभर स्वतःच बोलून दाखवलेलं. मला वाटलं, आता तरी यांची वाचा बसेल.

साहेब काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, "म्हणजे या लोकांनी पाणी लपवून आणलं होतं तर!"

लपवून आणलं होतं? मग ती मरायला का टेकली होती? बाकीचे अकरा जण कोरडे का होते? ओढ्याकडे गेलेले रिकाम्या हातांनी परतल्यावर वाडीवाल्यांची गाठोडी सोडायला लावली. निघालं काय, तर नाचणीच्या भाकऱ्या, मिरच्या आणि एक विळा. भांडं नाही, पखाल नाही. बाईसाहेब एकदा म्हणाल्या, "पण अहो, तिचे केस..." साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, त्या गप्प झाल्या. सोडा पिऊन चढलेल्या माणसांनी एका ओल्या बाईला तोंडावर कोरडी ठरवलं, आणि मग ग्रामोफोन उचलायला लावून सगळे खाली उतरले.

दुसऱ्याच दिवसापासून कचेरीत चौकशी. मी कापडी टेप पुढे ठेवली. तिचे पहिले तीन-चार फूट भिजून आकड्यांची शाई फुटली होती. अण्णा म्हणाले, "विहिरीत बुडवली असेल." मी म्हटलं, बुधाला आणि ठकीला विचारा. ती दोघं शेणव्याहून पायी येऊन सकाळपासून कचेरीच्या व्हरांड्यात बसली. संध्याकाळी शिपायाने त्यांना घालवून दिलं. आत बोलावलंच नाही! दोन दिवस मी भांडलो. एवढा ओरडलो की बाजूच्या दुकानातली गिऱ्हाईकं दारात येऊन उभी राहायची.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी एक तयार कागद पुढे सरकवला. "भास्करराव, तुमच्या भल्याचं सांगतो. साहेबांना पाहुण्यांपुढे खाली बघावं लागलंय. कोणाच्या तरी माथ्यावर जाणारच हे. सही करा, मोकळे व्हा. नाही तर उद्यापासून येऊ नका."

मी सही केली.

कारणं होती. सगळ्यांनाच असतात. ती सांगून मी स्वतःला सूट देणार नाही. दोनदा त्या टाक्याचं पाणी प्यायलेल्या माणसाने, एकदा स्वतःच्या ओंजळीने आणि एकदा दुसऱ्याच्या, त्या कागदावर सही केली आणि घरी जाऊन जेवला.

पार्क झालाच नाही. साहेबांची बदली झाली आणि विषय मिटला. बुधाचा मात्र मिटला नाही. महिन्याभराने तो माझ्या घरी आला. हातात एक सरकारी कागद, चार घड्या घातलेला. त्याला वाचता येत नव्हतं आणि शहापुरात वाचून दाखवणारा ओळखीचा माणूस म्हणजे मीच. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला. मी वर बस म्हटलं, तर नको म्हणाला.

"काय लिवलंय बघा ना, भाऊसाहेब. गार्ड म्हनतो, जंगलात यायचं नाय."

मी कागद उघडला. हुकूम होता. बुधा आणि त्याच्या घरच्यांना राखीव जंगलात शिरायला कायमची बंदी. मोळी नाही, मोह नाही, मध नाही. म्हणजे शेणव्यात राहायचं तर खायचं काय? खाली कारण दिलं होतं, की बुधाने सरकारला खोटी माहिती दिली. आणि कारणात माझा जबाब उतरवला होता, शब्दन् शब्द, माझ्या नावासकट.

मी वाचून दाखवला. आवाज खणखणीत ठेवून. कुठे अडखळलो नाही. ती ओळ आली आणि ती मी गाळली.

बुधाने कागद माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाला, "पन आसं सांगितलं कुनी? आपल्या दोगांबिगर ततं व्हतं तरी कोन?"

मी म्हटलं, "काय की."

"तुमी व्हतात म्हनून इचारलं," तो म्हणाला. "तुमी खरं बोललात त्ये ठकी रोज सांगती वाडीत." कागदाची पुन्हा चौघडी करून त्याने मुंडाशात खोचली आणि तो गेला. त्याच पावसाआधी दोघं वाडी सोडून गेली. कोणी म्हणालं कोळशाच्या भट्टीवर, कोणी म्हणालं खाली मिठागरात. मी पुढच्या दिवाळीनंतर शोध घेतला. झोपडीच्या जागी जमिनीत रोवलेल्या नुसत्या मेढी राहिल्या होत्या.

त्या डोंगरावर मी नंतर सहा वेळा जाऊन आलो. ऊन असताना, पाऊस असताना, एकदा तर मुद्दाम दिवसभर पाणी न पिता. कातळ आहे. चार लेणी आहेत. वाडीतली म्हातारी माणसं म्हणतात, मी पाणी मापलं म्हणून ते मिटलं. मला हे पटत नाही. कातळाला कसला राग आणि कसला लोभ? आणि रागच होता तर ठकीला कसं उघडलं? शहापूरचे एक डॉक्टर म्हणाले, उन्हाचा भ्रम. असेल. मग माझ्या मुठीत पिळलेला पदर कशाचा होता? तुमच्या त्या विद्वान वाचकांनी सांगावं. माझ्यापाशी उत्तर नाही. या जन्मात सापडेल असंही वाटत नाही.

पण थापाडा कोण, ते मला माहीत आहे, म्हणून ती गाळलेली ओळ इथे लिहितो. 'सदर जागेवर मी स्वतः गेलेलो नसून, बुधा नावाच्या इसमाने हेतुपुरस्सर दिलेल्या खोट्या माहितीवरून मी पाण्याचा उल्लेख केला.' खाली सही माझी आहे.

तुमचं मासिक कुठे कुठे जातं मला माहीत नाही. एखाद्या भट्टीवर, एखाद्या मिठागरात कोणाला शेणव्याचे बुधा आणि ठकी भेटले, तर त्यांना हे सगळं वाचून दाखवा. त्यांना वाचता येत नाही. तुम्ही तरी काही गाळू नका.